ट्रॉलीखाली वाकून कोण बघणार?

गव्हाणीत मोळी पडली, गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या गाडीतळावर एक कार्यक्रम दरवर्षी होतो. परिवहन विभागाचे अधिकारी आणि पोलीस रांगेत उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावतात, चालकांना सूचना देतात. हा उपक्रम चांगला आहे, तो थांबू नये. अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळून कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप गेल्याची बातमी ऊसपट्ट्याला दर हंगामात वाचावी लागते. पण ती ट्रॉली भर रस्त्यात, रात्रीच्या वेळी, उभी का राहिली होती? हा प्रश्न त्या बातमीत क्वचितच येतो. बऱ्याचदा त्याचं उत्तर ट्रॉलीच्या खाली असतं: तापून जाम झालेल्या हबमध्ये, निसटलेल्या पाट्यात, वाकलेल्या आक्सलमध्ये.

महाराष्ट्रानं २०२१-२२च्या हंगामात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला. एवढा ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत चाकांवरूनच आला. सगळा ऊस वीस-वीस टनांच्या खेपांनी आला असं धरलं तरी ६६ लाख खेपा होतात. त्यात ट्रक आहेत, ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या आहेत, छोट्या ट्रॅक्टरमागच्या गाड्या आहेत आणि अजूनही बैलगाड्या आहेत. बैलांना पत्र्या मारल्याशिवाय आणि गाडीच्या चाकाला वंगण दिल्याशिवाय गाडीवान कारखान्याची वाट धरत नाही. पंधरा-वीस टन वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या चाकांकडे मात्र अनेकदा त्या बंद पडल्यावरच लक्ष जातं.

चाकाच्या मधोमध जो हब असतो त्यात दोन टेपर रोलर बेअरिंग बसतात, आतल्या बाजूला मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान. निमुळत्या रोलरचं हे बेअरिंग हेन्री टिमकन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराचं. त्याचं पेटंट १८९८ सालचं. गाडी वळताना चाकावर बाजूनं जो जोर येतो तो साध्या बेअरिंगला पेलत नव्हता. निमुळता रोलर वरचा भार आणि बाजूचा रेटा, दोन्ही घेतो. सव्वाशे वर्षांत या कल्पनेला फारसा पर्याय निघाला नाही, इतकी ती भक्कम आहे. तिची मागणी फक्त तीन गोष्टींची: स्वच्छ ग्रीस, धड ऑइल सील आणि योग्य आवळलेला नट.

या तिन्ही गोष्टी ऊसवाहतुकीत कशा बिघडतात, हे ट्रॉलीचं वर्ष बघितलं की कळतं. एप्रिलमध्ये पट्टा पडतो, हंगाम संपतो. ट्रॉली शेताच्या कडेला किंवा घरामागे उभी राहते. जून ते ऑक्टोबर ती पावसात, चिखलात एकाच जागी असते. सीलमधून शिरलेलं पाणी जुन्या, पातळ झालेल्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि रोलर जिथे टेकलेले असतात तिथे गंज धरतो. हब उघडला तर बेअरिंगच्या कपावर रोलरच्या अंतराअंतरानं काळ्या रेषा दिसतात. नोव्हेंबरमध्ये ट्रॉली बाहेर काढली, टायरमध्ये हवा भरली, निपलमधून चार पंप ग्रीस मारलं की ती तयार झाली असं मालक समजतो. प्रत्यक्षात तो गंजलेल्या पृष्ठभागावर कित्येक टनांचा भार चढवत असतो. गंजाचे कण ग्रीसमध्ये मिसळतात, रोलर खरवडले जातात, हब तापतो, तापल्यानं ग्रीस वितळून सीलबाहेर येतं आणि एका रात्री चाक जाम होतं. चालकानं तोवर ओढतच नेलं असेल तर आक्सलचं टोक झिजून चाक निखळूनही पडतं. बेअरिंग गेलं की ते आधी आवाज करतं, घरघरतं. ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजत असतील तर तो आवाज चालकाच्या कानावर पडतच नाही. कर्कश गाण्यांवर पोलीस कारवाई करतात ती लोकांना होणाऱ्या त्रासामुळे. या दुसऱ्या कारणासाठीही ती व्हायला हवी.

मग ट्रॉली तिरकी होते, ऊस रस्त्यावर कलंडतो, चालक चाकांमागं दगड लावतो आणि मेकॅनिकला फोन करतो. मागची ट्रॉली अर्धी रस्त्यावर, दिवे नाहीत, वळण जवळ. रिफ्लेक्टरची पट्टी असलीच तर तिच्यावर आठवडाभराचा चिखल आणि वर लोंबणारं वाढं. दुरुस्ती झाल्यावर ट्रॉली निघून जाते, दगड मात्र तिथेच राहतात आणि पहाटे दुधाची किटली घेऊन येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या चाकाखाली येतात. या साखळीची पहिली कडी एक ऑइल सील असते. नव्या टायरच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे.

आष्टा, शिरोळ, माळेगाव, टेंभुर्णी अशा कुठल्याही ऊसगावात हे काम नीट करणारे कारागीर आहेत. चाक जॅकवर उचलायचं, हातानं फिरवून आवाज ऐकायचा, वर-खाली धरून हलवून बघायचं. डुलत असेल तर हब खोलायचा. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन पुसलं की त्याचा रंग बोलतो: निळसर झाक म्हणजे ते कधीतरी भरपूर तापलंय, खड्डे म्हणजे ते गेलंय. चांगलं असेल तर तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. रोलरच्या मधली प्रत्येक फट अशीच भरते, वरून फासलेलं ग्रीस आत जात नाही. सील नवं घालायचं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, मग तो जरासा सैल करून भोक जुळवायचं आणि नवी स्प्लिट पिन घालायची. जुनीच पिन सरळ करून परत वापरणं हा खेड्यातल्या घाईचा नेहमीचा प्रकार. सरळ केलेली पिन तुटते, नट फिरतो आणि चाक सुटतं. हेच काम हंगाम संपताच केलं तर पावसाळ्यात पाण्याला आत जागाच राहत नाही. बहुतेक मालक ते हंगाम सुरू होताना करतात, म्हणजे गंज चढून गेल्यावर.

ज्या देशांत लोक हौसेनं स्वतःच्या छोट्या बोटी बाळगतात तिथे या विषयाकडे कसं बघतात, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत शनिवार-रविवारी कुटुंब मोटारीमागं बोटीचा ट्रेलर जोडून किनाऱ्यावर जातं आणि ट्रेलर मागे घेत उतारावरून थेट पाण्यात घालतं. तासभर धावून गरम झालेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. खारं पाणी असेल तर काही आठवड्यांत बेअरिंग खलास. म्हणून तिथले बोटवाले पाण्यात जाण्याआधी हब गार होऊ देतात, परतल्यावर चाकं आणि ब्रेक गोड्या पाण्यानं धुतात, हबमध्ये ग्रीस सतत दाबाखाली ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या बसवतात आणि वाटेत थांबले की प्रत्येक हबला उलटा हात लावून बघतात. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर पुढे जात नाहीत. आपल्याकडे कारखान्यावर ऊस रिकामा करून आलेली ट्रॉली धुवायला तशीच ओढ्यात किंवा नदीघाटावर घातली जाते. तापलेला हब आणि थंड पाणी यांचा हिशोब तिथेही तोच आहे.

फरक ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात मोठा आहे. ऑस्ट्रेलियात भारासह ७५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या ट्रेलरला ब्रेक असावेच लागतात. दोन टनांच्या वर गेला की सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, शिवाय ट्रेलर गाडीपासून तुटला तर ब्रेक आपोआप लागून निदान १५ मिनिटं धरून राहतील अशी सोय हवी. ब्रिटनमध्येही ब्रेक नसलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० किलोच आहे. म्हणजे एका कुटुंबाच्या मासेमारीच्या बोटीला तिथे जे बंधन आहे, ते आपल्या रस्त्यांवरून दहा-दहा टन ऊस घेऊन जाणाऱ्या हजारो ट्रॉल्या पाळत नाहीत. त्यांना ब्रेकच नसतात.

पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा असतो. साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. उतारावर चालकानं ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि मागचे वीस टन त्याला ढकलत राहतात. रस्ता सरळ असेल तर थांबायचं अंतर लांबतं, वळण असेल तर पहिली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी रेटते. यात आणखी एक धोका दडलेला आहे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, कारण शेतात बांधाजवळ झटकन वळायला एकाच चाकाचा ब्रेक लागतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीनं जोडायचे असतात. फडातून भरलेली ट्रॉली काढून डांबरी रस्त्यावर आलेला दमलेला चालक ती पट्टी लावायला विसरला आणि पुढे अचानक कुणी आडवं आलं, तर एकाच बाजूचं चाक धरलं जातं आणि सगळा ताफा त्या बाजूला फिरतो. कारखान्याच्या गेटवर प्रत्येक चालकाला पेडलची पट्टी लावलीय का एवढं विचारलं तरी फरक पडेल.

बोटीच्या ट्रेलरला बऱ्याचदा रेट्याचे ब्रेक असतात: गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानंच जोडणीतला सिलिंडर दाबला जाऊन ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियात ही सोपी पद्धत दोन टनांपर्यंतच मान्य आहे, त्यामुळे उसाच्या ट्रॉलीला ती पुरणार नाही. ट्रॉलीला ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे ब्रेकच हवेत. ते बसवता येतात, इथलेच कारागीर बसवतात. ते सक्तीचे व्हायला हवेत, आणि निदान नव्यानं बांधल्या जाणाऱ्या ट्रॉल्यांपासून याची सुरुवात करायला कुणाची हरकत असू नये.

कायद्याच्या लेखी ट्रॉली हे वाहनच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ट्रेलरची व्याख्या मोटार वाहनानं ओढलं जाणारं वाहन अशीच करतो. जादा भारासाठी २०१९च्या दुरुस्तीनं २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड ठेवला आहे. पण हा विषय केवळ परिवहन विभागाच्या गळ्यात घालून मोकळं होता येणार नाही. रात्रीच्या शेतरस्त्यावर हजारो ट्रॉल्या तपासायला त्यांच्याकडे माणसं कुठून येणार?

प्रत्येक ट्रॉली रोज जिथे हमखास थांबते अशी जागा एकच आहे: कारखाना. तिथे ती भरल्यावर आणि रिकामी झाल्यावर काट्यावर चढते. तिच्यावर किती टन होते हे कारखान्याला नेमकं माहीत असतं, कारण त्यावरच वाहतुकीचं बिल निघतं. गाडीतळावर ती तासन्‌तास रांगेत उभी असते. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, मे-जूनपासून, कारखाना वाहनमालकाशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, कागदपत्रं घेतो, उचल देतो. त्या करारात ट्रॉलीचे चारही हब उघडून ग्रीस भरल्याचा, सील बदलल्याचा, पाटे, यू-बोल्ट, आक्सल, हुकाची पिन आणि साखळी तपासल्याचा दाखला मागितला तर कुठलीही नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. कारखान्यांकडे स्वतःची गॅरेज आहेत, फिटर आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्याकडे यासाठी वेळही काढता येईल.

वाहनमालक यावर जे म्हणेल त्यात तथ्य आहे. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो. ऊसतोड मजुरांची टोळी आणण्यासाठी मुकादमाला दिलेली उचल बुडाली तर मालक कर्जबाजारी होतो, आणि अशी फसवणूक दर हंगामात होते. त्याच्या डोक्यावर आणखी एक खर्च टाकून चालणार नाही. म्हणून बेअरिंग-सील-ग्रीसचा हा पहिला खर्च कारखान्यानं उचलावा किंवा बिलातून हप्त्यानं वळता करावा, आणि ब्रेक बसवण्यासाठी सरकारनं अनुदान द्यावं. शेतकऱ्यालाही यात रस असायला हवा. ट्रॉली रस्त्यात अडकून पडली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो, आणि हे नुकसान त्याच्याच बिलातून जातं.

ब्रेकची सक्ती व्हायला वेळ जाईल. पण हबचा दाखला करारात घालायला तशी वाट बघावी लागत नाही. पुण्यातल्या साखर आयुक्तालयाचं एक परिपत्रक आणि संचालक मंडळांचे ठराव एवढ्यावर हे काम पुढच्या करारांपासून सुरू होऊ शकतं, आणि त्या करारांवर सह्या होण्याआधी शेतकरी संघटनांनी ही मागणी कारखान्यांच्या वार्षिक सभांमध्ये लावून धरावी.