पूर्व आशियाई भाषांचे अध्ययन आणि विद्यावेतनाचा प्रश्न

दिङ्नागाच्या 'प्रमाणसमुच्चया'चा पहिला परिच्छेद म्हैसूर विद्यापीठाने 1930 मध्ये प्रसिद्ध केला. मूळ संस्कृत ग्रंथ त्या वेळी उपलब्ध नव्हता. एच. आर. रंगस्वामी अय्यंगार यांनी तिबेटी भाषांतराच्या आधारे तो पुन्हा संस्कृतात उतरविला. भारतीय तर्कशास्त्राच्या इतिहासातील एक हरवलेला दुवा अशा रीतीने म्हैसूरमध्ये, म्हणजे तिबेटपासून इतक्या दूरच्या एका दाक्षिणात्य नगरात, सांधला गेला. आज याच नगरातील एखाद्या पदवीधराने, किंवा पुण्या-कोल्हापुरातील एखाद्या मराठी विद्यार्थ्याने, असेच काही करण्याचे मनात आणले, तर त्यासाठी लागणारी चिनी, जपानी अथवा तिबेटी भाषा शिकण्याच्या काळात त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च कोणी चालवावयाचा, एवढाच माझा प्रश्न आहे. तो क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. परंतु विद्वत्तेच्या इतिहासात असे क्षुद्र प्रश्नच बहुधा निर्णायक ठरतात.

या भाषांच्या विद्यार्थ्यांसाठी पैसा मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जपान सरकारची शिष्यवृत्ती 1954 पासून चालू आहे. तिच्यात संशोधकांप्रमाणेच पदवीच्या वर्गात जपानी भाषा हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठीही सुमारे एका वर्षाच्या निवासाची सोय असते. 1972 मध्ये स्थापन झालेले जपान फाउंडेशन भाषाशिक्षकांना व अभ्यासकांना साहाय्य करते. चीन सरकारची शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क व निवास यांखेरीज पदवीसाठी दरमहा 2,500, पदव्युत्तर अभ्यासासाठी 3,000 आणि डॉक्टरेटसाठी 3,500 युआन देत आली आहे. तैवानची ह्वायू शिष्यवृत्ती केवळ भाषा शिकण्यासाठीच आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारी शिष्यवृत्तीत पदव्युत्तर अभ्यासाआधी कोरियन भाषेचे एक वर्ष धरलेले असते. हा तिच्यातील सर्वांत समंजस भाग होय. 1991 मध्ये स्थापन झालेले कोरिया फाउंडेशनही या क्षेत्रात काम करते.

ही यादी आणखी लांबविता येईल. परंतु ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येक पैसा त्या त्या भाषेच्या देशाचा आहे. जपानी शिकणाऱ्यास जपान पोसतो आणि चिनी शिकणाऱ्यास चीन. यात लाजिरवाणे काही नाही. शांतिनिकेतनातील चीनभवन 1937 मध्ये उभे राहिले तेही तान युन-शान यांनी चीनमधून मिळविलेल्या साहाय्याच्या बळावरच. तथापि देणाऱ्याचा हेतू दानाबरोबर येतो, आणि देणाऱ्याचा दरवाजा कधीही बंद होऊ शकतो, हेही खरे. 2020 च्या साथीत चीनबाहेर अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसा पुन्हा मिळू लागण्यास 2022 चा ऑगस्ट उजाडला. त्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी असल्यामुळे निदान त्यांची वार्ता तरी झाली. भाषेच्या मूठभर विद्यार्थ्यांचे काय झाले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

आपला स्वतःचा पैसा कोठे भेटतो? तो अगदी शेवटच्या पायरीवर भेटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली आहे. ही रक्कम उपेक्षणीय नव्हे. चिनी व जपानी हे विषय त्या परीक्षेत आहेत. परंतु ती मिळविण्यासाठी आधी पदव्युत्तर किंवा निदान चार वर्षांची पदवी हवी, आणि त्या पदवीपर्यंत पोहोचण्यास चिनीसारख्या भाषेची किमान चार-पाच वर्षे खर्ची पडलेली असतात. सांगली जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने पुण्यात राहून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकावयास घेतली, तर तिसऱ्या वर्षापर्यंत घरचे भाडे भरतात. त्यानंतर एखादी संगणक कंपनी तिला भाषांतरकार म्हणून बोलावते. ती जाते. तिने जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मात्र पुण्यासारख्या नगरात जपानी शिकणाऱ्यांची एवढी वर्दळ असूनही मूळ जपानीतून मराठीत येणारे वाङ्मय बोटांवर मोजण्याइतकेच का, याचे उत्तर या एका वळणावर पुष्कळसे सापडते. हायकू मराठीत शिरीष पै यांनी रुजविला. तो मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने आला, आणि ती वाट अजूनही बदललेली नाही.

मराठी माणसाचा या क्षेत्राशी संबंध नवा नाही, आणि तो संबंध कोणत्या पैशाने जुळला हे पाहणे उद्बोधक आहे. धर्मानंद कोसंबी कलकत्त्यास होते, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट एवढीच की त्यांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि बडोदे संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहावे. कोसंबींनी कलकत्त्यातील कितीतरी अधिक प्राप्ती सोडून ते 50 रुपये पत्करले. पुढे 1912 ते 1918 या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट पालीवरून चिनीकडे वळले. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ मूळ पालीत राहिलेला नाही; तो चिनी भाषांतरात उरला आहे. त्याची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करणारा बापटांचा प्रबंध 1937 मध्ये पुण्याहून निघाला. 'अर्थपदसूत्र' त्यांनी चिनीतून इंग्रजीत आणले. पुढे जपानी पंडित आकिरा हिराकावा यांच्यासमवेत 'समन्तपासादिके'च्या चिनी रूपाचे त्यांनी केलेले भाषांतर 1970 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले. फर्ग्युसनमधीलच वा. वि. गोखले यांनी आर्यदेवाच्या नावावरील 'अक्षरशतका'चे चिनी-तिबेटी आधारांवरून केलेले संपादन 1930 मध्ये हायडेलबर्गहून निघाले होते. 1957 मध्ये दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्रमुख बापटच होते. एका संस्थानिकाच्या 50 रुपयांतून हे सर्व निघाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या रुपयांवाचून ही परंपरा पुण्यास लागली असती की नाही, याची मला शंका आहे.

त्या 50 रुपयांचे वैशिष्ट्य त्यांच्या अटीत होते. माणसाने परदेशी जावे अशी ती अट नव्हती, राज्याच्या परराष्ट्रव्यवहारास उपयोगी पडावे अशीही नव्हती. येथेच राहा आणि येथल्या भाषेत लिहा, एवढेच तिचे मागणे होते. याउलट 1947 मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेलेले वसंत परांजपे पुढे परराष्ट्रसेवेत गेले आणि 1954 मध्ये पंडित नेहरूंच्या चीनभेटीत दुभाषी झाले. राष्ट्राचा त्यात लाभच झाला. मराठी अभ्यासाने मात्र एक चिनीचा पंडित गमावला, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

यावर एक आक्षेप मी ऐकलेला आहे, आणि तो आमच्याच वर्तुळातून येतो. भारतीय भाषांनाच पुरेसा पैसा नाही, मग चिनी-जपानीसाठी कोठून आणावयाचा? आक्षेपातील पूर्वार्ध मला मान्य आहे. परंतु दिङ्नाग, आर्यदेव, बुद्धघोष हे परके कोणाचे? भारतीय वाङ्मयाचा एक मोठा विभाग आज फक्त चिनी व तिबेटी लिपीत जिवंत आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रास भेट देऊन येथील लोकांचे वर्णन करणाऱ्या ह्युएनत्संगाचा मजकूर आपण अद्याप बील आणि वॉटर्स यांच्या इंग्रजीतून वाचतो. त्याचे 'कोंकणपूर' कर्नाटकात की कोकणात, यावर वाद घालणाऱ्या आमच्यापैकी किती जणांनी ती चिनी अक्षरे स्वतः वाचली आहेत? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावरील परकीय भाषांची उदाहरणे देताना कोरियन व जपानी यांची नावे आली आणि आधीच्या मसुद्यात असलेले चिनीचे नाव गळाले. शेजाऱ्याशी वैर असणे हे त्याची भाषा शिकण्याचे एक अधिकचे कारण आहे, ही साधी गोष्ट धोरण लिहिणाऱ्यांस उमगू नये याचे आश्चर्य वाटते.

याहूनही अनाकलनीय गोष्ट निराळीच आहे. अनुसूचित जातींच्या व तत्सम वर्गांतील विद्यार्थ्यांना परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तीतून वगळणारी अट 2022 मध्ये घालण्यात आली. महाराष्ट्राच्या संदर्भात या अटीचा अर्थ नीट पाहावा. 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर ज्या घरांतून बौद्ध ग्रंथांविषयीची सर्वांत खरी जिज्ञासा निर्माण झाली, त्याच घरातील तरुणाने तैपेई किंवा क्योतो येथे जाऊन विनयाची चिनी संहिता अभ्यासावी असे म्हटले, तर त्याचा विषय 'भारतीय' ठरून तो अपात्र होण्याचा धोका आहे. ज्याला त्या विद्येची निकड आहे त्याच्याच वाटेवर हे कुंपण घातले गेले.

उपाय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. म्हैसूरमधील भारतीय भाषा संस्थान 1969 मध्ये स्थापन झाले. त्याच्या प्रादेशिक भाषा केंद्रांनी नोकरीतील शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा दहा महिन्यांत शिकविण्याची पद्धत बसविली. शिक्षकाचा पगार त्याच्या राज्याकडून चालू राहतो, वर विद्यावेतन मिळते, आणि शिकत असलेल्या भाषेच्या प्रदेशाचा दौराही घडतो. पुण्याच्या केंद्रात परप्रांतीयांनी मराठी याच रीतीने शिकली आणि म्हैसूरच्या केंद्रात मराठी शिक्षकांनी कन्नड. या योजनेमागील विचार असा की, भाषा आत्मसात करण्याचा काळ हा कामाचाच काळ आहे आणि त्या काळात माणसाच्या चरितार्थाची काळजी संस्थेने वाहिली पाहिजे. हा विचार तमिळ-कन्नडला लागू पडतो, तर चिनी-जपानीला का पडू नये? चिनीला दहा महिने पुरणार नाहीत, तीन वर्षे लागतील. दरमहा 15,000 रुपयांप्रमाणे 20 विद्यार्थ्यांना तीन वर्षे विद्यावेतन द्यावयाचे तर 1 कोटी 8 लाख रुपये होतात. केंद्रीय विद्यापीठांच्या व्यवहारात ही रक्कम डोळ्यांत भरण्यासारखी नाही. अट मात्र सयाजीरावांचीच असावी: मुदतीच्या अखेरीस मूळ ग्रंथावरून केलेले एक भाषांतर विद्यार्थ्याने आपल्या भाषेत द्यावे.

शिक्षक कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतो. जपानीचे मिळतील, चिनीचे प्रयासाने मिळतील. तिबेटीची गोष्ट विलक्षण आहे. ती काटेकोर अर्थाने पूर्व आशियाई भाषांत गणली जात नसली, तरी चिनी बौद्ध ग्रंथ वाचणाऱ्यास तिच्यावाचून फार दूर जाता येत नाही. म्हैसूरहून सुमारे 80 किलोमीटरवर बैलकुप्पे येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत 1960 च्या सुमारास वसली. ल्हासाजवळच्या सेरा मठाची परंपरा तेथे पुन्हा उभी राहिली आहे आणि दिङ्नाग-धर्मकीर्तीच्या तर्कावर भिक्षूंचे वाद तेथील अंगणात आजही रंगतात. वीस वर्षे या ग्रंथांचे अध्ययन करून गेशे झालेला भिक्षू आमच्या विद्यापीठीय नियमांप्रमाणे अध्यापक होऊ शकत नाही, कारण त्याच्यापाशी पदव्युत्तर पदवी आणि पात्रता-परीक्षेचे प्रमाणपत्र नसते. त्याला मानधनावर बोलवावे, असे कोणी सुचवितात. परंतु मानधनावर आलेला माणूस प्रबंधाचा मार्गदर्शक होऊ शकत नाही, आणि मार्गदर्शकावाचून नोंदणी होत नाही. तेव्हा विद्यावेतनाच्या योजनेचा मसुदा कधी काळी झालाच, तर अध्यापकांच्या पात्रतेचे हे कलम त्यात प्रथम यावयास हवे.