नोंदी खुल्या आहेत, मुलांना वाचू द्या



सूर्याचा अभ्यास करणारे इस्रोचे 'आदित्य-एल१' यान २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावले, तेव्हा कौतुकाला उधाण आले. पुढच्याच आठवड्यात, पृथ्वीपासून ५० हजार किलोमीटरहून दूर असताना, त्यावरील 'स्टेप्स' उपकरण पृथ्वीभोवतीचे विद्युतभारित कण मोजू लागले. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. अशा नोंदी आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी वाचल्या पाहिजेत, असा माझा आग्रह आहे.

विद्यार्थ्यांना हे झेपेल का, असे विचारणाऱ्यांनी १९५८ साल आठवावे. अमेरिकेच्या 'एक्सप्लोरर-१' उपग्रहावरील कण मोजणारा गायगर गणक बऱ्याच उंचीवर गेला की शून्य दाखवी. उपकरण बिघडले म्हणून विषय संपवता आला असता. पण आयोवा विद्यापीठात जेम्स व्हॅन ॲलन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या कार्ल मॅकइल्वेन याने तसाच गणक क्ष-किरणांसमोर धरला आणि कळले, की मारा अतोनात झाला की गणक गप्प होतो. ते शून्य म्हणजे कणांचा महापूर होता! पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे पट्टे असे उमगले.

या ज्ञानाचा उपयोग रोजचा आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने खास कणमापक बनवला. दक्षिण अटलांटिकवर या पट्ट्यांपैकी आतला पट्टा पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो. तिथे कण वाढले की हा मापक नाजूक उपकरणांना सावध करतो. दूरसंचार आणि हवामानाचे उपग्रहही बाहेरच्या पट्ट्याचा मारा सोसतात.

'आदित्य' आता १५ लाख किलोमीटरवरून सूर्याकडून येणारे कण मोजते. याच कणांच्या वादळांनी पृथ्वीभोवतीचे पट्टे ढवळून निघतात. इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये 'आदित्य'च्या वैज्ञानिक नोंदी 'प्रदान' संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या केल्या. प्रयोगशाळेला निधी नाही, ही अडचण खरी. पण इथे संगणक, इंटरनेट आणि वेळ देणारा शिक्षक एवढेच लागते. आमच्या पुंडलिकनगर-गारखेडा भागातली बी.एस्सी.ची मुले मागच्या वर्षीच्या प्रकल्पवह्या उतरवून काढतात. त्याऐवजी मे २०२४ च्या सौरवादळाचा आलेख त्यांनी स्वतः काढावा, चुकला तर कारण शोधावे.

विद्यापीठाने येत्या वर्षापासून भौतिकशास्त्राच्या पदवी प्रकल्पात उपग्रहांच्या खुल्या नोंदींचा पर्याय द्यावा आणि त्याआधी शिक्षकांची कार्यशाळा घ्यावी. आपल्या दैनिकानेही हा विषय लावून धरावा, ही विनंती.

– एक पालक, पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर