टाक्यात पाय सोडून फिल्टरचं कौतुक सांगू नका

रविवारी घनगडावर गेलो होतो. वर पुण्याचा एक ग्रुप. चौघं पाण्याच्या टाक्यात पाय सोडून बसलेले आणि पाचवा त्याच टाक्यातलं पाणी फिल्टरच्या पिशवीत भरतोय. मी हटकलं तर म्हणतो, "काका, ०.१ मायक्रॉनचा आहे. काही येत नाही यातून!"

येतं, बाळा. हा फिल्टर जिवाणू अडवतो, जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. विषाणू नाही अडवत. काविळीचे हिपॅटायटिस ए आणि ई त्याहून बारीक, ते आरामात पार होतात. शेतात मारलेलं औषधही पार होतं. माणसांची वर्दळ नसलेल्या डोंगरात एकटा फिल्टर भागवत असेल. आपल्या ताम्हिणीत पावसाळ्यातल्या रविवारी ओढ्याच्या वरच्या अंगाला किती जण आडोशाला बसलेले असतात, ते मी सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, नोरोव्हायरसही सापडला. पहिल्याला फिल्टर अडवतो, दुसऱ्याला नाही.

फिल्टर घेऊच नका असं मी म्हणत नाही. माझ्याही सॅकमध्ये आहे, वजन मूठभर. गडावर बिसलेरीच्या बाटल्या फेकून येण्यापेक्षा कितीतरी बरा. पण गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास दम धरा. चूल किंवा स्टोव्ह असेल तर पाणी मिनिटभर खळखळून उकळा, मग गोळीही नको. पावसाळ्यातलं तांबडं पाणी थेट भरायचं नाही. आधी निवळू द्या, पंच्याच्या चार पदरांतून गाळा. नाहीतर दुसऱ्याच ट्रेकला फिल्टर चोंदतो आणि मग शिव्या कंपनीला. ट्रेकवरून आलात की स्वच्छ पाणी उलट्या बाजूने जोरात मारा, नीट वाळवून ठेवा.

आणि सेकंडहँड घेऊ नका. मी घेतलाय, स्वस्तात. नंतर कळलं, तो हिमालयात जाऊन आलेला. ओला फिल्टर थंडीत गोठला की आतले तंतू फुटतात, बाहेरून काही दिसत नाही. पाणी उलट जास्तच धो धो येतं, माणूस खूश! मी आठवडाभर सलाईनवर होतो.

आता ट्रेक काढणाऱ्यांना. माणशी पैसे घेता, ड्रोन उडवता, मग डबा आणि दहा हात दोरी का नाही नेत? पाणी वर काढायचं, टाक्यात कुणी उतरायचं नाही, फिल्टर टाक्यापासून लांब धुवायचा. हे व्हॉट्सॲपवरच्या सूचनांत गाडीच्या वेळेखाली लिहायला काय जातं?

त्या पोरांनी पाय काढले, पण तोंड वाकडं करून. थोड्या वेळाने एक म्हातारा गुराखी आला, टाक्याशी वाकला आणि सरळ ओंजळीने प्यायला.