नाच कोणाचा, नफा कोणाचा?

मोबाईलच्या पडद्यावर चाललेल्या नाचाकडे पाहून पुरोगामी वर्तुळात नाक मुरडले जाते. चंगळवाद, उथळपणा, अमेरिकन अपसंस्कृती असे शेरे मारले की विषय संपला, असा सोयीस्कर समज रूढ झाला आहे. परंतु या नाचामागे श्रम आहेत, त्या श्रमांतून मूल्य निर्माण होते आणि ते मूल्य कोणीतरी उचलून नेते, याचा विचार क्वचितच केला जातो. समाजवादी विचाराचा आरंभ मात्र याच प्रश्नापासून होतो.

२००७ साली अमेरिकेत ‘क्रँक दॅट’ हे गाणे गाजले. ते रचणारा डीआंड्रे वे ऊर्फ ‘सोल्जा बॉय’ हा सोळा-सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपी राज्यातील बेट्सव्हिल या लहान गावचा रहिवासी होता. त्याच्यापाशी ना स्टुडिओ होता, ना वादकांचा ताफा. अटलांटाच्या वस्त्यांत तेव्हा चुटक्यांच्या तालावरचे ‘स्नॅप’ संगीत लोकप्रिय होते. त्याच धर्तीचा ताल त्याने संगणकावर जुळवला, गाणे इंटरनेटवर ठेवले आणि त्यावर नाचायचे कसे तेही चित्रफितीतून दाखवले. सप्टेंबरमध्ये हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि एकूण सात आठवडे तेथे राहिले. पुढच्या वर्षी आइस-टी या बुजुर्ग रॅप-गायकाने, या मुलाने हिपहॉपचा जीव घेतला, असा आरोप केला. वाद अभिरुचीवर रंगला. अर्थकारण बाजूलाच राहिले.

गाण्याची चाल सोपी होती, पावलेही सोपी होती. जे पाहून एका दुपारी शिकता येते, ते स्वतः करून दाखवावेसेही वाटते. लोकांनी आपापले नाच चित्रित करून यूट्यूबवर चढवले. ज्या प्रसिद्धीसाठी रेकॉर्ड कंपनीला एरवी पैसा ओतावा लागतो, ते काम प्रेक्षकांनी हौसेने, फुकट केले. अशा फुकट चित्रफितींची रास जेथे साचत होती ती यूट्यूब कंपनी ऑक्टोबर २००६ मध्येच गूगलने १६५ कोटी डॉलरला विकत घेण्याचा व्यवहार ठरवला होता. एवढी किंमत कशाची होती? लोकांनी आणून ठेवलेल्या करमणुकीची आणि ती पाहायला जमलेल्या कोट्यवधी डोळ्यांची.

सोल्जा बॉयला नाव आणि पैसा मिळाला, हे खरे. गाण्याचा हक्क त्याच्या नावावर होता आणि इंटरस्कोपसारखी बडी कंपनी त्याच्या पाठीशी उभी राहिली. भांडवलशाहीला असे एखादे उदाहरण नेहमीच हवे असते. एकाच्या भाग्योदयाआड हजारोंची बिनमोल मजुरी झाकली जाते. गाण्याला कायद्याने मालक असतो, पावलांना मात्र वाली नसतो.

बारा वर्षांनी हे अधिक उघडपणे दिसले. सप्टेंबर २०१९ मध्ये अटलांटाजवळच्या जलाया हार्मन या शाळकरी कृष्णवर्णीय मुलीने के कॅम्प या गायकाच्या ‘लॉटरी’ या गाण्यावर ‘रेनेगेड’ हा नाच बसवला. थोड्याच दिवसांत तो टिकटॉकवर पसरला. लाखो चाहते असलेल्या गोऱ्या मुलींनी तो उचलला आणि प्रसिद्धीचा ओघ त्यांच्याकडे वळला. मूळ रचना कोणाची, हे फेब्रुवारी २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले तेव्हा जगाला कळले. दोष त्या मुलींवर ढकलून भागणार नाही. जेथे नक्कल सहज होते, पण रचनाकाराचे नाव सोबत नेण्याची सक्ती नसते, तेथे समाजात आधीच असलेली वर्णाची उतरंड आपोआप आपले काम करते.

यावर उपाय म्हणून पावलांवर स्वामित्वहक्क द्या, असे सुचवले जाते. १९७६ च्या अमेरिकन कायद्यात नृत्यरचनेला संरक्षण आहे. पण तेथील स्वामित्वहक्क कार्यालय छोट्या, साध्या पावलांची नोंद करीत नाही. ‘फोर्टनाइट’ या संगणकीय खेळात आपली पावले वापरल्याबद्दल २०१८ पासून काही कलावंत न्यायालयात गेले. २०२३ मध्ये काइल हानागामी या नृत्यदिग्दर्शकाचा फेटाळलेला दावा अपील न्यायालयाने पुन्हा जिवंत केला. परंतु नोंदणी आणि वकील ज्याला परवडतो त्यालाच ही वाट मोकळी आहे. शिवाय पाऊल हे वस्तीचे सामायिक धन असते. एकाचे दुसरा घेतो, त्यात भर घालतो. त्याला खाजगी कुंपण घालणे समाजवाद्यांना रुचणार नाही; आणि कुंपण नाही म्हणून कंपनीने सारे पीक कापून न्यावे, हेही रुचता कामा नये.

तिसरी वाट अमेरिकेच्याच कामगार चळवळीने दाखवली आहे. ध्वनिमुद्रिकांमुळे वादक बेकार होऊ लागले, तेव्हा जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. महायुद्ध चालू होते, खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली, तरीही संघटना हटली नाही. नोव्हेंबर १९४४ पर्यंत बड्या कंपन्या नमल्या. विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत जमू लागली. त्यातून वादकांना मेहनताना देऊन जनतेसाठी विनामूल्य मैफली झाल्या. सूर सर्वांचेच राहिले आणि नफ्यातला वाटा श्रमिकांना मिळाला.

जून २०२१ मध्ये मेगन दी स्टॅलियनच्या नव्या गाण्यावर नाच बसवण्यास अनेक कृष्णवर्णीय नर्तकांनी नकार दिला, तेव्हा याच हत्याराची धार क्षणभर चमकली. मात्र मागे रीतसर संघटना नसल्यामुळे त्या नकाराचे रूपांतर करारात झाले नाही.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून झटकता येणार नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील ज्या मुलामुलींनी तेथे आपला प्रेक्षक जमवला होता, त्यांची ती जमवाजमव एका फटक्यात पुसली गेली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. ज्या रंगमंचावर ती मुले उभी होती, त्याच्या एका फळीवरही त्यांचा हक्क नव्हता, हे त्या दिवशी उघड झाले.

कलापथकांची परंपरा अभिमानाने सांगणाऱ्या चळवळीने या तरुणांना अभिरुचीचे धडे देण्यापूर्वी त्यांच्या संघटनेचा विचार करावा. रचनाकाराचे नाव सोबत नेण्याची सक्ती, जाहिरातींच्या उत्पन्नातून सामायिक निधी आणि त्या निधीवर कलावंतांचेच नियंत्रण, एवढ्या तीन मागण्यांपासून आरंभ करता येईल. गिरणीत घाम गाळणारा कामगार ओळखायला चळवळीला वेळ लागला नाही. नाचताना घाम गाळणारा ओळखायलाही फार वेळ लागू नये.