हळदीची चाडी

मैत्रिणींनो, पांढऱ्या साडीवर हळद सांडली आणि घाईने साबण लावला, की डाग लालभडक होतो. आपण घाबरतो. पण डाग वाढलेला नसतो. हळद फक्त चाडी करत असते, की साबणात आम्लारी आहे! साडी स्वच्छ खळबळून कडक उन्हात वाळवा, डाग फिका पडेल.

आम्लारी म्हणजे आम्लाच्या उलट गुणांचा पदार्थ. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, चुना, मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा ही सगळी त्याच गोतातली. पाण्यात विरघळली की बोटांना बुळबुळीत लागतात, चव कडवट असते. पण चाखून किंवा हात लावून बघू नका हं, कातडी भाजते. ते काम हळदीवर सोपवा. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिचा हा गुणही ओळखून ठेवा. टिपकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. पट्टीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला की ती तांबडी होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. शाळेत तांबडा लिटमस निळा होतो, तशीच ही परीक्षा.

हा खेळ मी विट्याला घरी मुलांना दाखवला, तेव्हा सासूबाईही कौतुकाने बघत होत्या. पुढे काही दिवसांनी धाकट्या पुतण्याने मामंजींच्या चंचीतली चुन्याची पुडी दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. सासूबाई लिंबू घेऊन धावल्या. "तूच म्हणालीस ना, लिंबाने चुना मरतो?" माझ्या पोटात धस्स झालं. मी अर्धंच शिकवलं होतं!

मी लिंबू बाजूला सारलं आणि पोराला नळाखाली धरलं. आम्लारी डोळ्यातल्या पेशींची चरबी विरघळवत खोल शिरते, म्हणून एकेक क्षण मोलाचा. लिंबाने तर डोळ्याला दुसरी इजा होते. डोळा चोळू नका. पापण्या उघड्या धरून निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पापणीखाली अडकलेले कण तेच काढतात. आमच्या पोराचा डोळा वाचला.

तेव्हा आजच चुन्याची पुडी आणि कॉस्टिकचा डबा उंच फळीवर ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा: लिंबू कागदाच्या पट्टीवर, डोळ्याला फक्त पाणी!