कामाशिवाय जाणं

आपल्याकडे माणूस रिटायर झाला की त्याचा प्रवास वाढतो, पण कुठे जायचं हे मात्र दुसरेच ठरवतात. मुलीचं बाळंतपण, मुलाचं नवीन घर, नातवाच्या शाळेची सुट्टी, पुतणीचं लग्न, कुणाचं तरी तेरावं. सकाळी सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचा एखादा डबा नीट निरखून बघा. ही गाडी २००१ साली सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या गावातले आजी-आजोबा तिच्यातून पुण्याला जातायत. मांडीवर शेंगा चटणीची पिशवी, वर रॅकवर कडक भाकरीचा डबा, आणि फोनवर "हो गं, दहापर्यंत पोचतो, बाळाला तेल लावून ठेवू नकोस, मी लावते." ही मंडळी फिरायला चाललेली नसतात. ड्यूटीवर चाललेली असतात!

दुसरीकडे यूट्यूबवर परदेशातली रिटायर्ड जोडपी दिसतात. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आणि त्याच्या मागे अडकवलेल्या दोन सायकली. आज बहिणीच्या अंगणात गाडी लावली, चार दिवसांनी जुन्या शेजाऱ्याकडे, मग एखाद्या तळ्याकाठी, तिथे सायकली काढल्या आणि गेले दोघं भटकायला. ऑस्ट्रेलियात तर अशा लोकांना 'ग्रे नोमॅड' असं नावच पडलंय. पिकल्या केसांचे भटके. ऑफिसात लंचला हा विषय निघाला की प्रतिक्रिया दोनच. एक, "भारी आहे यार!" आणि दोन, "आपल्याकडे शक्य नाही." पहिलीबद्दल वाद नाही. दुसरीत खरं किती आणि आपल्या सोयीचं किती, हे मात्र एकदा तपासायला हवं.

खरं आधी बघू. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण म्हणून सोलापुरातल्या पेन्शनर माणसाच्या दारात मोटरहोम उभी राहणार नाही. किंमत परवडत नाही हा एक भाग. परवडली तरी आमच्या पेठेत साधी अल्टो वळवायला शेजारच्या दोघांना खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणावं लागतं, तिथे हे धूड लावायचं कुठे? तेव्हा गाडीपुरतं मान्य. शक्य नाही.

पण मोटरहोम हे साधन झालं. ते मिळवून देतं काय, ते बघा. मला तीन गोष्टी दिसतात. निघायची तारीख आपण ठरवायची. वेग आपला ठेवायचा. आणि ज्याला भेटायला जातो त्याच्या दारात राहूनसुद्धा त्याच्या घरावर ओझं व्हायचं नाही. या तीन गोष्टींना मोटरहोमच लागते का?

पहिली गोष्ट, म्हणजे निघणं. आपल्याकडे एसटी आहे. हसू नका. ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांनाही अर्धं. म्हणजे नवरा-बायको दोघांचं मिळून एक तिकीट! पंच्याहत्तरी ओलांडली की ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, त्यामुळे विजापूर-गुलबर्ग्याला सोयरे असलेल्या सोलापूरकरांना सीमेपुढे पूर्ण पैसे मोजावे लागतात, तेवढं सोडा. शिवाय 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा चार किंवा सात दिवसांचा पास वर्षानुवर्षं चालू आहे. नावच बघा ना. मोटरहोमवाल्यांना आयुष्यभराची बचत घालून जे मिळतं, ते एसटीने पासच्या नावातच लिहून ठेवलंय.

रेल्वेने मात्र हात आखडता घेतला. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या महिलांना ५० टक्के अशी जी तिकिटात सूट होती, ती मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाली. कोरोना गेला, सूट परत आली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत आली, छान आहे, पण पेन्शनवर जगणारं जोडपं त्या तिकिटाचा आकडा बघून "पुढच्या वेळी बघू" म्हणतं. आपण सोशल मीडियावर इतक्या गोष्टींसाठी भांडतो, या सवलतीसाठी कोणी भांडताना दिसत नाही. कारण ती आपली नाही, आई-बाबांची आहे.

दुसरी गोष्ट, वेग. म्हणजे सायकल. सोलापूरला सायकल शिकवायला नको. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या मिलचे भोंगे वाजायचे त्या काळात शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच असायच्या. आमचे बाबाही नोकरीची पहिली वीस वर्षं सायकलवरच ऑफिसला गेले. आमचा मुलूख सपाट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा अशी की घाम येत नाही. अडचण एकच आणि ती खरी आहे: हाच उसाचा हंगाम. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर. तेव्हा म्हाताऱ्या माणसाने हायवेवर सायकल घालावी असं मीही म्हणणार नाही. पण गावाबाहेरचे शेतरस्ते आहेत. आणि पंढरपूरच्या पालखी मार्गांवर वारकऱ्यांना चालायला दोन्ही बाजूंना वेगळा पट्टा ठेवायचं ठरलंय, २०२१ च्या नोव्हेंबरात त्या कामाचं भूमिपूजन झालं. जिथे तो तयार होतो तिथे वारी सोडून बाकीचे महिने ज्येष्ठांना सकाळी सायकल फिरवायला याहून चांगली जागा कुठली?

वारीवरून एक आठवलं. "या वयात कशाला दगदग?" हे वाक्य प्रत्येक घरात असतं. पण त्याच घरातले साठी-सत्तरीचे लोक आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत जवळजवळ अडीचशे किलोमीटर चालतात, राहुटीत झोपतात, टँकरच्या पाण्याने अंघोळ करतात. दिंडीबरोबर ट्रक असतो, त्यात सामान, तंबू, चूल, धान्य सगळं. ते दिंडीचं मोटरहोमच की! तेव्हा कोणी दगदग म्हणत नाही, उलट निरोपाला फाट्यापर्यंत जातात. म्हणजे हरकत दगदगीला नसते. देवासाठी जा, नातवासाठी जा, लग्नाला जा, मयताला जा. फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून जाऊ नका! हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे, आणि सगळ्यांत कडक पाळतात ते स्वतः आई-बाबाच.

आमच्या घरात हा वाद दिवाळीत झाला. आई म्हणाली, जानेवारीत गड्डा यात्रा आटोपली की आम्ही दोघं एक चक्कर मारून येतो. तुळजापूर, लातूर, अंबाजोगाई, मग बार्शीवरून परत. काम काय? काही नाही. लोकांना भेटायचंय. बस्स! काकांनी विचारलं, "कुणाचं काही आहे का?" दादा म्हणाला, मी गाडी आणि ड्रायव्हर देतो, दोन दिवसांत सगळं उरकून या. 'उरकून' हा त्याचाच शब्द. बाबांनी शांतपणे सांगितलं की आम्हाला उरकायचं नाहीये.

बाबा ६६, आई ६२. लाल परीने गेले, अकरा दिवस फिरले. आईची डी.एड.ची मैत्रीण अंबाजोगाईला असते. आई मधल्या तीस वर्षांत दोनदा अंबाजोगाईला जाऊन आली होती, दोन्ही वेळा लग्नाला, दोन्ही वेळा रात्रीच परत, कारण सोबतच्या जीपला घाई होती. मैत्रिणीचं घर कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवर होतं, हे तिला या वेळी कळलं. बार्शीजवळ बाबांच्या ऑफिसातले जुने सहकारी आता शेती बघतात. त्यांच्याकडे रोज सकाळी दोघं म्हातारे दोन सायकली काढून गावातून शेतात जायचे, हुरडा खायचे आणि ऊन चढायच्या आत परत. एवढंच. व्हिडिओ करावा असं त्यात काही नव्हतं.

आता तिसरी गोष्ट, ओझं. इथे मात्र मोटरहोमवाल्यांकडून खरंच शिकण्यासारखं आहे. आपण पाहुणचाराचं फार कौतुक करतो, पण त्याची किंमत त्या घरातली बाई मोजते. पाहुणे सोफ्यावर आणि ती ओट्याशी. वन-बीएचकेत चार रात्री पाहुणे म्हणजे नोकरी करणाऱ्या सुनेची कसोटीच. म्हणून आईने निघतानाच नियम केले होते: एका घरी दोनच रात्री. बरोबर आपली कडक भाकरी, चटणी. जेवलेलं ताट बाबासुद्धा स्वतः घासणार. तुळजापूरला तर ते भक्तनिवासात उतरले आणि संध्याकाळी नुसते गप्पा मारायला आत्याकडे गेले. आत्या आधी रुसली, मग म्हणाली, "असंच येत जा, मलाही बोलायला वेळ मिळाला." अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर... आमच्या चारी बाजूंना भक्तनिवासं आहेत. देवाच्या दारी मुक्काम आणि माणसाच्या दारी गप्पा, यात देवाची काही हरकत असेल असं वाटत नाही :)

मग अडतं कुठे? माझ्या मते आपल्यापाशी. आपण ज्यांना करिअर म्हणतो त्यांचा बॅकअप सर्व्हर आई-बाबा आहेत. बाई आली नाही, आईला बोलव. रिलीज आहे, बाबांना पाठव. अमेरिकेतली मित्रमंडळी आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी नेतात आणि ते तिथे गाडीशिवाय घरात बसून दुपारभर खिडकीतून रस्ता बघतात. प्रेम असतं, शंकाच नाही. नातवंडं त्यांनाही हवी असतात. पण सपोर्टच्या माणसालासुद्धा आपण रजा देतो, रोटा लावतो. आई-बाबांचा रोटा कुणी लावलाय?

आणि त्यांच्याकडे वेळ फार आहे, हा समज चुकीचा आहे. राज्य सरकारी नोकर बहुतेक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. गुडघे साथ देतात सत्तरीपर्यंत, नशीब चांगलं असेल तर पंच्याहत्तरी. त्यातली चार-पाच वर्षं नातवंडांच्या पाळणाघरात जातात. उरलेल्या वर्षांत ज्यांना भेटायचंय ती माणसंही म्हातारीच आहेत, आणि ती आपल्या सवडीसाठी थांबणार नाहीत. मयताला गेल्यावर "भेटायचं राहूनच गेलं" हे वाक्य किती जणांच्या तोंडी असतं, आठवून बघा. त्या दिवशी मात्र सगळ्यांना सुट्टी मिळते, गाडीही मिळते.

तेव्हा फार काही नको. वर्षातले पंधरा दिवस आई-बाबांच्या नावाने कॅलेंडरवर ब्लॉक करा, आणि तेवढे दिवस बाळाकडे बघायला तुम्ही रजा टाका. एसटीचं आरक्षण करून द्या, औषधांची पिशवी भरून द्या, दिवसातून एक फोन पुरे, लाइव्ह लोकेशन मागू नका. स्टँडवरच्या घाण स्वच्छतागृहाबद्दल एक तक्रार करा, कारण साठीतली बाई प्रवासाला नाही म्हणते तेव्हा खरं कारण बरेचदा तेच असतं आणि ती ते सांगत नाही. मोटरहोम पुढची पिढी घेईल, घेऊ दे.

या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा एकच विचारा: "काही काम नसताना कुणाला भेटावंसं वाटतं?" पहिलं उत्तर "आता कुठे जायचं" असंच येईल. थोडं थांबा. मग नावं येतील. लिहून घ्या.