फळ्याचा जमाखर्च



आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे. परळ-लालबागच्या जुन्या चाळींत असे फळे असायचेच. पाणी किती वाजता येणार, बैठक कुठे आहे, कुणाच्या घरी दुःखद घटना घडली, हे त्यावर लिहिले जाई. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात कामगार आधी फळा वाचत आणि मगच चहाला बसत, असे ते सांगत.

चाळीतला एक तरुण, कॉलेज संपवून नोकरीच्या शोधात असलेला, गेल्या वर्षापासून रोज रात्री त्या फळ्यावर दहा-बारा ओळी लिहू लागला. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर का मिळत नाहीत, कंत्राटी सफाई कामगाराच्या हातात प्रत्यक्ष पगार किती पडतो, दिल्लीत कोणता कायदा झाला आणि त्याचा आपल्या घराशी संबंध काय, असे त्याचे विषय. तो कुठल्याच गटातटाचा नव्हता. आज एका पुढाऱ्याला टोचले तर उद्या त्याच्या विरोधकाला. त्यामुळे सगळेच वाचत आणि सगळेच थोडे थोडे नाराज असत.

पुढे जयंती जवळ आली. आम्ही बी.कॉम. झालेले आणि कचेरीत कारकून, म्हणून समितीची खजिनदारी बरीच वर्षे आमच्याच गळ्यात आहे. मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च दरवर्षी एक वजनदार गृहस्थ देत. नेमके त्याच आठवड्यात आमच्या तरुणाने फळ्यावर चार ओळी लिहिल्या. मागच्या गल्लीतल्या गटाराचे काम झाल्याचा बोर्ड लागला आहे, पण काम कुठे झाले ते कुणी दाखवील काय, असा त्याचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी निरोप आला. "देणगी तयार आहे. फक्त तो फळा जरा बघा."

आम्ही बघितला. ओले फडके घेऊन आम्हीच तो पुसला. तरुण जिन्यात उभा होता. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "काका, चुकीचं काय लिहिलं होतं ते तरी सांगा."

आम्हांला सांगता आले नाही. कारण चुकीचे काहीच नव्हते. गटार आम्हीही रोज ओलांडतोच.

रात्री जेवताना घरच्या मंडळींनी विचारले, "त्या देणगीची पावती कशाच्या नावानं फाडणार? मंडपाच्या की फळ्याच्या?" घास घशाखाली उतरेना.

त्या रात्री आम्ही बाबासाहेबांच्या वृत्तपत्रांची माहिती पुन्हा काढून बसलो. एरवी आपण ती भाषणासाठी वाचतो. या वेळी खजिनदाराच्या नजरेने वाचली.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी याच मुंबईत निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला २,५०० रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. या नव्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही. म्हणजे ज्यांना बोलायचे होते त्यांना दुसऱ्याच्या पानावर विकत घेऊनसुद्धा जागा नव्हती. स्वतःचे पान काढणे ही हौस नव्हती, दुसरा मार्गच उरला नव्हता. बाबासाहेब जुलै १९२० मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेले आणि पुढे १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला.

नंतर २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला. यामागचे कारण व्यवहारी माणसालाही कळण्यासारखे आहे. तळ्यावर काय घडले ते दुसरे सांगणार, दुसरेच त्याचा न्याय करणार, आणि ज्यांची डोकी फुटली त्यांनी ते ऐकून घ्यायचे, हे चालू देणे शक्य नव्हते. त्या पत्रात 'आजकालचे प्रश्न' आणि 'प्रासंगिक विचार' अशी सदरे असत. देशात चाललेल्या घडामोडींवर त्यांत भाष्य असे, विरोधकांच्या म्हणण्याचा समाचार घेतलेला असे. त्यातला बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः लिहीत. पगार नाही, मानधन नाही. वकिली, संस्था, सभा सांभाळून हे लिखाण. तरी वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत, आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही पत्र थांबले. १९३० च्या नोव्हेंबरात 'जनता' आला आणि १९५६ च्या फेब्रुवारीत त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले.

आपण या पत्रांच्या जन्मतारखा पाठ करतो. ती बंद का पडली, हे मात्र कुणी विचारीत नाही. आमच्या हिशेबी डोक्याला तिथे एकच आकडा दिसतो, तो म्हणजे न आलेल्या वर्गणीचा. बाबासाहेबांनी लेखणी दिली, रात्रीची झोप दिली. समाजाने वर्गणी द्यायची होती.

१९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी वृत्तपत्रांबद्दल कडक शब्द वापरले. एके काळी भारतात पत्रकारिता हा पेशा होता, आता तो धंदा झाला आहे, असा त्यांचा आशय होता. धंद्यात मालक असतो, आणि फडके मालकाच्या हातात असते. परवा आमच्या हातात होते, पण मालक निराळाच होता.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. कॅनडातील टोरांटो शहर, जिथे आज आपलेही कितीतरी लोक नोकरीनिमित्त राहतात, त्याचे जुने नाव यॉर्क. तिथे विल्यम लायन मॅकेन्झी नावाचा एक खटपट्या माणूस स्वतःचे पत्र चालवी आणि राज्य चालविणाऱ्या मूठभर घराण्यांवर टीका करी. ८ जून १८२६ रोजी त्या घराण्यांतील तरुणांनी त्याचा छापखाना फोडला आणि शिशाचे खिळे पाण्यात फेकले. तो कोर्टात गेला. त्याला ६२५ पौंड भरपाई मिळाली आणि बुडू लागलेले त्याचे पत्र त्या पैशावर पुन्हा उभे राहिले. पुढे १८३४ मध्ये यॉर्कचे टोरांटो झाले, तेव्हा पहिला महापौर तोच झाला.

आपल्या दादरलाही २५ जून २०१६ च्या पहाटे गोकुळदास पास्ता रोडवरील आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखानाही त्यात गेला. जुलैमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, आम्हीही त्या मोर्चात होतो. छापखाना पडल्याचा संताप आम्हांला आला होता. मग तीच व्यक्ती जिन्याखालचा फळा पुसते, तेव्हा तिला काय म्हणावे? छापखान्याला बुलडोझर लागतो, फळ्याला ओले फडके पुरते.

काही मंडळी म्हणतील, आज ज्याच्या हातात मोबाईल आहे तो प्रत्येकजण राजकारणावर लिहितो, अफवाही पसरवतो, मग या लिहिण्याचे एवढे कौतुक कशाला? म्हणणे अगदीच चूक नाही. जो स्वतंत्र लिहितो त्याने स्वतःला दोन नियम लावून घ्यावेत. आकडा लिहिण्यापूर्वी तो तपासावा, आणि ज्याच्यावर टीका करतो त्याचे म्हणणेही पूर्ण मांडावे. पण चूक असेल तर दाखवून द्यावी, दुरुस्ती तिथेच लिहावी. पुसून टाकणे हे उत्तर नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो आणि त्याच्या आईसमोर माफी मागितली. मग समितीची बैठक घेतली. बरीच खडाजंगी झाली. "जयंती लहान झाली तर लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आला. आम्ही म्हटले, जयंती ज्यांची आहे ते काय म्हणतील तेही बघा. शेवटी ती देणगी परत पाठवली. मंडप लहान घातला, ध्वनिक्षेपक एकच लावला. फळ्यासाठी निराळी वही केली असून दर खोलीमागे महिना दहा रुपये ठरले. त्यातून खडू आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जांचा खर्च निघतो. अठ्ठेचाळीस खोल्यांपैकी एकतीस खोल्या नियमित देतात. काहींनी आमच्याशी बोलणे सोडले आहे. तेही जमाखर्चात धरावे लागते.

आमची विनंती एवढीच आहे. आपल्या वस्तीत कुणी निर्भीडपणे, कुणाच्या पैशाशिवाय लिहीत असेल, मग ते फळ्यावर असो, चोपड्यात असो की मोबाईलवर, तर नुसते शाबास म्हणू नका. त्याचा खडूचा खर्च उचला.

जयंती झाल्यावर चौथ्या दिवशी फळ्यावर नवी ओळ दिसली. 'जयंतीचा हिशेब खजिनदारांनी अजून का लावला नाही?'

प्रश्न रास्त होता. रात्री दोन वाजेपर्यंत बसून आम्ही हिशेब पुरा केला आणि सकाळी त्याच फळ्याशेजारी चिकटवला.

जयभीम.